मनाचा हिशेब: लेकीच्या मानसशास्त्रात संगणक कशाला?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट करून)



आपल्या सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ लेकी आता मानसशास्त्र घेऊन बी.ए., एम.ए. करतात. कुणी साताऱ्यात शिकते, कुणी कराडला, कुणी विट्याला, कुणी सांगली-मिरजेला. मी अशा मुलींना शिकवते. पोरीनं मानसशास्त्र घेतलं की शेजारच्या काकू हमखास विचारतात, "काय गं, आता आमच्या मनातलं ओळखणार का?" आणि दोन वर्षांनी तीच पोर घरी सांगते, "आई, मला संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकायचंय, संगणक लागणार." मग आईला कोडं पडतं. मनाचा अभ्यास चाललाय, त्यात आकडे आणि संगणक कुठून आले?

आजचं बोलणं या कोड्यावर आहे. त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे, आकड्यांच्या धास्तीनं चांगल्या हुशार मुली प्रकल्पाच्या वर्षाला अडखळतात. त्यांना घरातून धीर मिळायला हवा. दुसरं कारण तुमच्या-माझ्याशी जास्त जवळचं आहे. या मुली प्रश्नावली घेऊन येतात त्या कुणाकडे? आपल्याच बचत गटाकडे, आपल्याच अंगणवाडीत, आपल्याच ओसरीवर. आपण दिलेल्या उत्तरांचं पुढं काय होतं, हे आपल्याला माहीत असायला पाहिजे.

मन मोजतात कसं?

मनाला काटा नाही, वजनमाप नाही. म्हणून मानसशास्त्रात प्रश्न विचारतात आणि उत्तराला आकडा देतात. एक उदाहरण घेऊ. उदासी किती आहे हे पाहायला पीएचक्यू-नऊ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती वेळा झालं, झोप नीट लागली नाही असं किती वेळा झालं, अशा धर्तीचे. उत्तरं चारच: अजिबात नाही म्हणजे 0, काही दिवस म्हणजे 1, अर्ध्याहून जास्त दिवस म्हणजे 2, जवळजवळ रोज म्हणजे 3. नऊ प्रश्नांची बेरीज 0 पासून 27 पर्यंत जाते. साधारण 10 किंवा त्याहून जास्त आली, तर त्या बाईशी जाणकारानं नीट बसून बोलावं असा संकेत आहे. आपल्या आशाताई घरोघरी जो सीबॅकचा अर्ज भरतात, त्यातही याच प्रश्नावलीतले पहिले दोन प्रश्न आहेत.

एक गोष्ट इथंच पक्की करून घेऊ. ही चाळण आहे, निदान नव्हे. चाळणीवर खडा राहतो तसा राहिलेला गहूही असतो, तो हातानं निवडावा लागतो. बेरीज 12 आली म्हणून बाईला आजार आहे असं विद्यार्थिनीनं सांगायचं नसतं आणि आपण ऐकून घ्यायचं नसतं.

गटाची वही आणि संगणकाचा तक्ता

आता समजा एका मुलीनं शंभर बायकांना हे नऊ प्रश्न विचारले. नऊशे उत्तरं झाली. वय, शिक्षण, गाव, शेती किती, हे धरलं तर हजाराच्या वर. एवढी बेरीज-वजाबाकी हातानं करायची म्हटली तर महिना जाईल आणि चुका होतील त्या वेगळ्याच. म्हणून सॉफ्टवेअर.

पण सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसतं? आपल्या बचत गटाची वही! आडव्या ओळीत एकेक बाई, उभ्या रकान्यात एकेक बाब. गटाच्या वहीत रकाने असतात बचत, कर्ज, हप्ता, व्याज. मुलीच्या तक्त्यात रकाने असतात वय, गाव, प्रश्न एक, प्रश्न दोन. ज्या बाईनं दहा वर्षं गटाचा हिशेब ठेवलाय, तिला हा तक्ता समजावून सांगायची गरजच नाही. उलट तिनंच लेकीला सांगावं की एका ओळीत एकच बाई लिहायची, दोन बायकांचं एका ओळीत कालवायचं नाही, आणि रकान्याचं नाव असं ठेवायचं की सहा महिन्यांनीही कळलं पाहिजे.

फरक एकच. वहीत आपण नाव लिहितो, इथं नाव लिहायचं नाही. नावाऐवजी क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, ही यादी वेगळ्या कागदावर, कुलपात. असं का, ते पुढं सांगते.

यंत्राला अक्कल नसते

सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही. पण त्याला काय घालतोय याची समज नसते. जात्यात खडे घातले तर पीठही खड्यांचंच पडणार. तीन गोष्टींवर मुली नेहमी अडतात.

पहिली गोष्ट, न दिलेलं उत्तर. दहा बायकांपैकी नऊ जणींनी एका प्रश्नाला उत्तर दिलं, बेरीज 18, म्हणजे सरासरी 2. दहावीनं उत्तर दिलं नाही. "उत्तर नाही" यासाठी 99 लिहायची पद्धत आहे. पण 99 म्हणजे रिकामी जागा, हे सॉफ्टवेअरला आधी सांगून ठेवावं लागतं. नाही सांगितलं तर ते 18 मध्ये 99 मिळवतं, दहानं भागतं आणि सरासरी देतं 11.7! उत्तर 3 च्या वर जाऊच शकत नाही, तिथं सरासरी पावणेबारा. म्हणून कोणतंही गणित करायच्या आधी प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघायचा. तांदूळ शिजवायच्या आधी निवडतो तसं.

दुसरी गोष्ट, नावापुरता आकडा. तक्त्यात सोयीसाठी म्हसवडला 1, दहिवडीला 2 आणि विट्याला 3 असा आकडा दिला. सॉफ्टवेअरला सरासरी काढ म्हटलं तर ते मुकाट्यानं काढून देईल, 2. म्हणून काय म्हसवड आणि विट्याची सरासरी दहिवडी झाली? इथला आकडा म्हणजे नुसती खूण. अशा रकान्यात फक्त मोजदाद करायची, कोणत्या गावच्या किती जणी. हा रकाना नावाचा की मोजमापाचा, हे सॉफ्टवेअरमध्ये आधी ठरवून द्यायचं असतं.

तिसरी गोष्ट, उलटे प्रश्न. "मला एकटं वाटतं" याला 3 म्हणजे त्रास जास्त. पण "घरात माझं म्हणणं ऐकलं जातं" याला 3 म्हणजे त्रास कमी. दोन्ही तसेच बेरजेत घेतले तर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 3 मधून वजा करून उलटवून घ्यायचं. 3 चं 0, 2 चं 1. सॉफ्टवेअर हे एका फटक्यात करतं, पण कोणता प्रश्न उलटा, हे वाचणाऱ्या माणसालाच कळतं.

सरासरीच्या पोटात काय आहे

सरासरी आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. ती फसवते कशी, हेही माहीत असावं. गटात दहा बायका. नऊ जणींच्या डोक्यावर प्रत्येकी 10 हजारांचं कर्ज, एकीवर 1 लाख 10 हजारांचं. एकूण 2 लाख, सरासरी 20 हजार. पण 20 हजारांचं कर्ज गटात एकीवरही नाही! म्हणून सॉफ्टवेअर आणखी एक आकडा देतं, त्याला मध्यक म्हणतात. सगळ्यांना चढत्या क्रमानं रांगेत उभं करायचं आणि मधोमध कोण आहे ते बघायचं. इथं मध्यक येतो 10 हजार. सरासरी आणि मध्यक यांत फार अंतर दिसलं, की ओळखायचं, रांगेच्या टोकाला कुणीतरी वेगळंच उभं आहे.

आता याहून महत्त्वाचं. पाच-पाच बायकांचे दोन गट घ्या. मघाच्या प्रश्नावलीत पहिल्या गटाचे आकडे आले 9, 10, 10, 10, 11. दुसऱ्या गटाचे 2, 4, 10, 16, 18. दोन्हीकडे बेरीज 50, सरासरी 10. मध्यकही दोन्हीकडे 10. कागदावर दोन्ही गट सारखे. पण दुसऱ्या गटात दोघी जणी निवांत आहेत आणि दोघींना तातडीनं आधाराची गरज आहे. हा पसारा सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. पहिल्या गटाचं येतं 0.71, दुसऱ्याचं 7.07, दहापट! लेकीच्या प्रकल्पात नुसती सरासरी दिसली तर तिला विचारा, "आणि पसारा किती?" ज्या बाईला खरी गरज आहे, ती बहुतेक वेळा या पसाऱ्यात दडलेली असते.

हे खरं की योगायोग?

मुली सॉफ्टवेअर शिकतात ते मुख्यतः या प्रश्नासाठी. समजा गटातल्या सहा जणींनी महिनाभर दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं केलं. आधी आणि नंतर प्रश्नावली भरली. सहाही जणींचा ताण उतरला. हा बैठकीचा गुण की योगायोग?

असा विचार करा. बैठकीचा काहीच उपयोग नसता, तर महिन्यानं एखादीचा ताण वाढला असता, एखादीचा उतरला असता, छापा-काट्यासारखं. सहा वेळा नाणं उडवलं आणि सहाही वेळा छापाच पडला, असं 64 मध्ये एकदा घडतं. म्हणजे शंभरात जेमतेम दीडदा. एवढा योगायोग सहसा होत नाही, म्हणून आपण म्हणतो की काहीतरी गुण आला असावा. पण सहापैकी पाचच जणींचा ताण उतरला असता तर? पाच किंवा त्याहून जास्त छापे 64 मध्ये 7 वेळा पडतात, शंभरात जवळजवळ अकरा वेळा. मग छातीठोकपणे सांगता येत नाही. संशोधनात साधारण शंभरात पाच ही वेस धरायचा रिवाज आहे. तक्त्यात "पी" म्हणून जो आकडा येतो आणि 0.05 पेक्षा कमी आला की मुली खूश होतात, तो हाच.

छापा-काट्यात फक्त वाढला की उतरला एवढंच बघितलं. किती उतरला हेही धरायचं तर टी-चाचणी करतात. तिची गोष्ट मजेची आहे. विल्यम गॉसेट नावाचा माणूस आयर्लंडमध्ये डब्लिन शहरात गिनेस या बिअरच्या कारखान्यात कामाला होता. जव, माल, चव, सगळ्याची परीक्षा थोड्याशा नमुन्यावरून करायची असे. थोड्या नमुन्यावरून किती विश्वासानं बोलावं, याचं गणित त्यानं 1908 साली "स्टुडंट" म्हणजे विद्यार्थी या टोपणनावानं छापलं. बाटली आडवी करायला मतदान करणाऱ्या आपण बायका, आणि आपल्या लेकी शिकतात ते गणित बाटली भरणाऱ्या कारखान्यातलं!

पण सावध. "पी" चा आकडा लहान आला म्हणजे कारण सापडलं असं नाही. त्याच महिन्यात उसाचं बिल खात्यावर जमा झालं असेल. पाऊस झाला असेल. दिवाळीला लेक माहेरी आली असेल. ताण त्यानं उतरला की बैठकीनं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. त्यासाठी बैठकीला न बसलेल्या, पण बाकी सगळं सारखं असलेल्या बायकांचा दुसरा गट बघावा लागतो.

तसंच सहसंबंधाचं. गटाच्या बैठकीला नियमित येणाऱ्या बायका जास्त समाधानी दिसतात, असं तक्ता सांगेल. म्हणून बैठकीनं समाधान आलं का? की ज्यांच्या घरचे मोकळे आहेत, त्यांनाच बैठकीला येता येतं आणि त्या मुळातच समाधानी? दोन गोष्टी जोडीनं चालतात म्हणून एकीनं दुसरीला जन्म दिला असं होत नाही.

आपल्या मातीतली माणसं

हे शास्त्र परक्यांचं वाटतं ना? मग ऐका. खटाव तालुक्यातलं बुध गाव तुम्हाला माहीत आहे. तिथं 1911 साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. लंडनला जाऊन त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली. परत येऊन शेतीच्या आकडेवारीचं काम केलं आणि पुढं रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. नमुना निवडीवरचं त्यांचं पुस्तक 1954 साली निघालं. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

त्यांच्या कामाची ओळख आपल्याला बांधावर होते. पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग करतात, ते आठवा. सगळ्या मंडळातलं पीक कुणी मोजत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखी गावं निवडतात, शेतं निवडतात, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखतात आणि तेवढंच कापून तोलतात. त्यावरून साऱ्या मंडळाचा अंदाज. या प्रयोगांना चिठ्ठीची, म्हणजे यादृच्छिक निवडीची शिस्त लावण्यात सुखात्म्यांचा मोठा वाटा आहे. चांगलंच शेत निवडलं तर काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. विमा बुडतो.

मन मोजतानाही तेच. एखाद्या मुलीनं हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि लिहिलं, "माण तालुक्यातील स्त्रियांचा ताण कमी आहे." पण हळदीकुंकवाला आलं कोण? ज्या विधवा बहिणीला बोलावलंच नाही ती कुठाय? मेंढरं घेऊन कोकणात उतरलेली कुठाय? तासगावकडं द्राक्षाच्या छाटणीला गेलेली, ऊसतोडीच्या फडावर असलेली, घरातून बाहेरच न सोडलेली कुठाय? चांगलंच शेत निवडल्यासारखं झालं. इथं नुकसान विम्याचं नाही, ज्यांचं दुखणं मोजायला हवं होतं त्यांचंच दुखणं कागदावरून पुसलं जातं.

दुसरे आपल्या शेजारचे, कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार, जन्म 1919. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज या मोठ्या शास्त्रज्ञाकडे शिकले आणि 1953 साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. त्यांच्या दोन्ही मुली, स्नेहलता आणि अपर्णा, संख्याशास्त्रज्ञ झाल्या. आकडे मुलींना झेपत नाहीत म्हणणाऱ्याला ही दोन नावं सांगा. आणि हे जेफ्रीज लक्षात ठेवा, आत्ता परत येणार आहेत.

कोणतं सॉफ्टवेअर, किती पैसे?

कॉलेजात सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते एसपीएसएसचं. 1968 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात तिघांनी ते सामाजिक शास्त्रांसाठी तयार केलं. 2009 मध्ये आयबीएम कंपनीनं विकत घेतलं. वापरायला सोपं, पण परवाना महाग. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत असेल तर तिथं बसून शिकावं. घरी चोरून उतरवलेली प्रत टाकू नये. एक तर ते बेकायदेशीर, आणि त्यातून संगणकात विषाणू शिरला तर बायकांनी विश्वासानं दिलेली उत्तरं जाण्याची भीती.

पैसे नसले तरी अडत नाही. पीएसपीपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर दिसायला एसपीएसएससारखंच आहे. जामोवी आणि जास्प ही दोन्हीही फुकट. यादीतून निवडायचं आणि बाजूला लगेच उत्तर दिसतं, म्हणून नवख्या मुलीला फार बरी. जास्प नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालं आणि त्याच्या नावातला पहिला "जे" त्याच जेफ्रीजांचा, आपल्या हुजूरबाजारांच्या गुरूचा!

चौथं म्हणजे आर. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी 1990 नंतर ते सुरू केलं. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर म्हणून "आर". हेही पूर्ण फुकट. यात यादीतून निवडायचं नसतं, आज्ञा लिहाव्या लागतात. सुरुवातीला अवघड जातं, पण लिहिलेली आज्ञा जपून ठेवता येते आणि काय केलं ते कुणालाही परत तपासता येतं. गटाच्या वहीत खाडाखोड न करता सगळं लिहिलेलं असावं, तसं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आरचे धडे फुकट बघायला मिळतात.

या कामाला मोबाईलचा पडदा पुरत नाही, संगणक लागतो. पण नवा कोरा महागडा लागत नाही. शंभर-दोनशे ओळींचा तक्ता साध्या, जुन्या संगणकावरही चालतो. त्यामुळं कर्ज काढण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा, वाचनालय, ओळखीचं कुणी, हे पाहून घ्या.

शिकायचं कसं?

शिकण्याचा क्रम मी मुलींना असा सांगते. आधी दहा बायकांचे दहा आकडे घेऊन सरासरी, मध्यक आणि पसारा कागदावर काढ. मग तेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये घाल आणि उत्तर जुळतं का बघ. जुळलं की भीती जाते. त्यानंतर प्रत्येक रकान्याची मोजदाद आणि आलेख. दोन गटांची तुलना त्याच्यापुढं. आणि प्रत्येक तक्त्याखाली स्वतःच्या मराठीत एक वाक्य लिहायचं, "यावरून मला असं कळलं की..." ते वाक्य आईला वाचून दाखवायचं. आईला कळलं तर लेकीला कळलं. रोज एक तास दिला तर दोन-तीन महिन्यांत प्रकल्पापुरतं येतं.

यातही एक आडवाट आहे. पैसे देऊन कुणाकडून तरी तक्ते करून घ्यायचे, किंवा त्याहून वाईट म्हणजे घरी बसून शंभर प्रश्नावल्या स्वतःच भरायच्या. गुण मिळतील, पण उद्या ती समुपदेशक म्हणून बसेल आणि समोर एखादी आई पोराला घेऊन येईल, तेव्हा हातात काही नसेल.

आणि भाषेचं भान. आपल्याकडं बाई "मला नैराश्य आहे" असं म्हणत नाही. ती म्हणते, "जिवाला घोर लागलाय", "कशात मन लागंना", "डोकं नुसतं जड होतंय." प्रश्न इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून आणला तर बाई "नाही" म्हणेल आणि तक्त्यात 0 पडेल. त्या 0 ला कोणतंही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही. म्हणून प्रश्नावलीचं मराठी तपासायला आपल्यासारख्या बायका लागतात. ते काम मागितलं तर जरूर करा.

तुमच्या दारात प्रश्नावली आली तर

विचारणाऱ्या मुलीशी प्रेमानं वागा, पाणी द्या, पण हे प्रश्न तिला विचाराच.

हे कशासाठी आणि कोणत्या कॉलेजकडून? माझं नाव कुठं लिहिणार का? उत्तरं कोण कोण बघणार? एखादा प्रश्न नको वाटला तर सोडला तर चालेल ना? मधूनच थांबले तर चालेल ना? माझ्या उत्तरातून काही गंभीर दिसलं तर तुम्ही काय करणार? आणि निकाल आम्हाला येऊन सांगणार का?

सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना मनाचे प्रश्न विचारू देऊ नका. त्या उत्तराला काही अर्थ राहत नाही आणि बाईला मागाहून त्रास होऊ शकतो. छोट्या गावात नाव न लिहिताही माणूस ओळखू येतं. "वय 34, विधवा, अंगणवाडी मदतनीस" एवढं लिहिलं की अमुक वस्तीवरची कोण ते साऱ्या गावाला कळतं. म्हणून नावाऐवजी क्रमांक पुरत नाही. तक्ता छापताना असे रकाने एकत्र करून, वय "30 ते 40" असं मोघम करून लिहावं लागतं. हे विद्यार्थिनीला सुचलं नाही तर तुम्ही सुचवा.

आणि प्रश्नांची उत्तरं देता देता स्वतःलाच जाणवलं की आपलं मन फार खचलंय, जीव नकोसा वाटतोय, तर प्रकल्पाची वाट बघू नका. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे. क्रमांक 14416. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही करता येतो. जवळच्या आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

मैत्रिणींनो, तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी कामातून वेळ काढून, विश्वासानं सांगितलेलं मन आहे. ती ओळ नीट मांडायला लेकीला शिकू द्या, आणि नीट मांडली की नाही ते आपण विचारू या. नमस्कार.

गटात बोलण्यासाठी

1. आपल्या गटाच्या वहीतले दहा आकडे घ्या. सरासरी आणि मध्यक दोन्ही काढा. अंतर किती? कुणामुळं?

2. आपल्या गावात आजवर कोणकोणत्या पाहण्या झाल्या? निकाल कधी परत कळला का?

3. आपल्या बैठकीला कोण येऊ शकत नाही? त्यांचं म्हणणं कुणी, कसं विचारावं?

4. "ताण" या शब्दाला आपल्या वस्तीवर बायका काय म्हणतात? असे पाच शब्द लिहून काढा आणि मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीला द्या.